ऑस्ट्रेलिया आणि आत्याचा माघारीचा अर्ज

आमचे साहेब तीन महिने मुलाकडे मेलबर्नला राहून आले आणि आल्या आल्या शिरूरच्या वकिलांना लोकशाही शिकवायला लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तालुक्याच्या गावातून परदेशी जाऊन आलेला माणूस तेव्हा पाहायला मिळायचा नाही, त्यामुळे साहेब कोर्टाच्या आवारात शिरले की स्टॅम्पवाला, टायपिस्ट, पक्षकार सगळे उठून उभे राहायचे. साहेबांनाही आपण देश नव्हे, इयत्ता बदलून आलोय असंच वाटत होतं.

साहेब म्हणजे ज्यांच्याकडे मी ज्युनियर होते ते. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. वडील पॉइंट्समन. पुण्यात पॅसेंजरनं अपडाऊन करून लॉ पूर्ण केलं आणि शिरूरला आले, कारण दौंडला कुणी ज्युनियर म्हणून घेईना आणि शिरूर तालुक्यात माझी आत्या होती. साहेबांनी मला घेतलं. का घेतलं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. कुणी मोठा पक्षकार आला की ते माझ्याकडे बोट करून सांगायचे, "ही आमची ज्युनियर. बौद्ध समाजातली आहे, पण हुशार आहे. आपल्या ऑफिसात असलं काही मानत नाहीत." मी खाली मान घालून हसायचे. त्या 'पण'ची मला तेव्हा चीड यायला हवी होती. आली नाही. उलट आपल्याला हुशार म्हटलं, एवढंच घेऊन मी खोलीवर जायचे.

तर साहेबांचं व्याख्यान. बाररूममध्ये खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मे वकील खिडकीत आणि दारात उभे. साहेबांनी कांगारूचं चित्र असलेला टाय घातला होता. त्यांनी सांगितलं की तिकडे मतदान सक्तीचं आहे. मत दिलं नाही तर सरकारचं पत्र येतं, का दिलं नाही ते विचारतात, कारण पटलं नाही तर दंड होतो. मतदान शनिवारी असतं, शाळेत असतं, बाहेर लोक काहीबाही भाजून खात उभे असतात, जत्रेसारखं. मत देताना एकावर शिक्का मारून मोकळं होता येत नाही, सगळ्या उमेदवारांना एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालावे लागतात. आणि साहेब तिथं असतानाच, इंग्लंडची राणी ठेवायची की काढायची, यावर सगळ्या देशाचं मत घेतलं. लोकांनी ठेवली.

मग वकिलीकडे वळले. तिकडे काही राज्यांत वकिलांचे दोन प्रकार. एक कागद तयार करतो, दुसरा कोर्टात उभा राहून बोलतो. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे या दोन्हींतलं काही न करता नुसती पुढची तारीख घेणारा तिसरा प्रकार होता आणि तो त्या खोलीत खच्चून भरला होता. पण हे बोलायची माझी टाप नव्हती. शेवटी साहेब म्हणाले, "मत हा हक्क नाही, कर्तव्य आहे. ज्या दिवशी आपल्या खेड्यातला शेवटचा माणूस रांगेत उभा राहील, त्या दिवशी मी म्हणेन, इथं लोकशाही आली." टाळ्यांनी पत्रे वाजले. मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच.

आता साहेबांची कामाची एक पद्धत सांगते, कारण तिचं मला तेव्हा फार कौतुक होतं. कोर्टात ते युक्तिवाद करायला उभे राहिले की मागं वळून बघत नसत. बोलता बोलता डावा हात फक्त मागं करायचे, पंजा उघडा ठेवून. त्या पंज्यात नेमका हवा तो कागद मी ठेवायचा. सातबारा, का फेरफार, का वाटणीपत्र, हे ते सांगत नसत. मीच ओळखायचं. सुरुवातीला चुकले की ऑफिसात गेल्यावर पक्षकारांसमोर पाणउतारा व्हायचा. पण दोन वर्षांत माझा हात इतका तयार झाला की डोकं चालवायची गरजच उरली नाही. बाकीचे वकील म्हणायचे, काय ज्युनियर तयार केलीय! आणि मी फुशारायचे. टांग्याचं घोडं लगामाच्या एका हिसक्यात वळतं, तेही असंच फुशारत असेल.

आत्याचं गाव निमोण्याच्या पुढं, आत होतं. नाव सांगत नाही, त्या गावाला नाव मिरवायची आधीच फार हौस. या गावात ग्रामपंचायतीला मतदान झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दर वेळी बिनविरोध. याचा गावाला भारी अभिमान. पद्धत अशी होती: ज्याला उभं राहायचंय त्यानं अर्ज भरायचा, पण अर्ज भरण्याआधी माघारीच्या अर्जावर सही करून द्यायची. सगळ्यांनीच. ते माघारीचे अर्ज भैरवनाथाच्या देवळात देवापुढं ठेवायचे. मग गावातले बडे बागायतदार आप्पा धरून पाच-सहा जुनी माणसं बसून ठरवणार, कोण राहणार आणि कोण जाणार. जे जाणार त्यांचे अर्ज माघारीच्या दिवशी तहसील कचेरीत दाखल व्हायचे. याला ते गावाचा एकोपा म्हणत. एकोपा म्हणजे पाच-सहा माणसांचं एकमत आणि बाकीच्या गावाचं तोंड बंद.

हे कागदाचं काम वर्षानुवर्षं आमच्या साहेबांकडे. अर्जाखाली दोन ओळी असायच्या, की हा अर्ज माझ्या वतीनं दाखल करायचा अधिकार मी अमुक वकिलांना देत आहे. त्या ओळी टाइप करायचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे होतं. आसपासच्या दोन गावांनीही हीच पद्धत उचलली होती. मी खाडाखोड न करता छान टाइप करायचे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, घरी शिलाई मशीन होतं, त्यावर वस्तीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. शाळा चौथीपर्यंत, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची, निविदा नोटिसांसकट. दर महिन्याला एका रविवारी मी तिच्याकडे जायचे. तिला मी साहेबांचं व्याख्यान सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबवला.

"म्हंजी तिथं मत द्यायलाच लागतं?"

"हो. नाहीतर दंड."

"सगळ्यास्नी? बड्या लोकांलाबी?"

"सगळ्यांना."

"म्हंजी आप्पालाबी माझ्याम्हागं रांगंत उभं ऱ्हावं लागंल." तिला हसू आलं. मग म्हणाली, "राणी ठिवायची का न्हाई त्येबी इचारलं त्येंनी. हितं मेंबर कोन, ह्ये आजवर मला कुनी इचारलं न्हाई. दिल्लीला मत दिलं म्या, मुंबैलाबी दिलं. माझ्या सोताच्या गावात एकदाबी न्हाई. पन्नाशी उलटली माझी."

त्या साली गावात ग्रामपंचायत लागली होती आणि तिच्या वॉर्डातली एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव होती. मागच्या वेळीही अशी एक जागा होती आणि तिथं आप्पांच्या कांद्याच्या शेतात काम करणारी एक बाई बसवली होती. तिचा काही दोष नव्हता. आपण मेंबर आहोत हे त्या बिचारीला पाच वर्षांत झेंडावंदनालाच काय ते कळायचं. या वेळीही तिचंच नाव ठरलं होतं. आत्या म्हणाली, "ती पडू दे, न्हाईतर मी पडंन. पन पेटी यायला पायजे गावात. म्या उभी ऱ्हानार. तू अर्ज भरून दे."

मी भरून दिला. जातीचा दाखला, मतदार यादीतला नंबर, सगळं तपासून. तिनं सही केली ती शाळेतल्या पोरीसारखी, ओठ दाबून. माघारीच्या कागदावर मात्र सही दिली नाही. "भरायच्या आदीच माघार? आसं कुठं आसतंय?" कुठंच नसतं. हे सांगायला दोन वर्षं वकिली केलेली मी नव्हते, चौथी शिकलेली आत्या होती.

दोन दिवसांनी आप्पा ऑफिसात आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गावात त्यांच्या पुढं कुणी चप्पल घालून जात नसे. ते साहेबांशी बोलत होते, पण ऐकवत मला होते.

"वकीलसाहेब, गावाला कलंक लागंल. समद्यांच्या सह्या हायेत, येकीची न्हाई. आमी काय तिला नगं म्हनतोय का? बसू, बोलू. तिचं नाव बसलं तर तिचं. पन सही न्हाई द्यायची म्हंजी काय? इस्वासच न्हाई म्हंजी?"

साहेब माझ्याकडे वळले. "तिला देवळाची अडचण असेल. बौद्ध आहेत ते लोक, देवापुढं कागद ठेवायचा म्हणजे त्यांना नको वाटत असेल. बरोबर आहे त्यांचं." किती समजूतदार आवाज लावला होता. "मग असं करू. बाकीचे कागद देवळात राहतील. तुझ्या आत्याचा कागद तुझ्याकडे राहील. तू काही परकी नाहीस. तुझ्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही. तिला हवी असेल तर निवडणूक होऊ दे की! मी तर सक्तीच्या मतदानाचा माणूस."

त्या रविवारी मी गेले आणि आत्याला हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं हातातली सुई ब्लाऊजला खोचून ठेवली. म्हणाली, "आप्पाच्या रानात निम्म्या वस्तीचं खुरपान हाय. सही न्हाई दिली तर बायकांची कामं जातील, ह्ये मला म्हाईत हाय. म्हनून देते. पन कागद तुझ्यापाशीच ना?"

"माझ्याचपाशी. माझ्याशिवाय कोण हात लावणार त्याला?"

तिनं सही केली. मी ती शिरूरला आणली, पंच करून फाइलला लावली आणि पान क्रमांक घातला.

पुढं बैठक झाली म्हणे. आत्याला बोलावलंच नाही. कांद्याच्या शेतातल्या बाईचं नाव पक्कं झालं आणि वस्तीत निरोप आला की गाव यंदाही बिनविरोध. माघारीच्या आदल्या दिवशी आत्या दुपारच्या एसटीनं शिरूरला आली. मी ऑफिसात एकटी होते. ती दारातच उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही.

"त्यो कागद दे माझा."

"आत्या, उद्या तीन वाजता मुदत संपते. संपली की मी स्वतः फाडून टाकते. कशाला काळजी करतेस?"

"आत्ता दे ना मग. म्याच फाडते."

आणि मी तिला, माझ्या आत्याला, काय सांगितलं? मी सांगितलं की कागद फाइलला लागलाय, पान क्रमांक पडलाय, साहेबांना विचारल्याशिवाय फाइलमधलं पान काढायचं नाही असा ऑफिसचा नियम आहे. साहेब पुण्याला गेलेत. फाइल माझ्यासमोर टेबलावर होती. उठावंसुद्धा लागलं नसतं.

ती म्हणाली, "बरं. तू हायेस ना." आणि परत गेली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही, कारण मला टाइपिंग संपवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत ही गर्दी. गावोगावचे पुढारी, जीपगाड्या, गुलाल आधीच आणून ठेवलेला. साहेब कांगारूच्या टायमध्ये. निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलापुढं ते उभे राहिले, मी त्यांच्या मागं फाइली छातीशी धरून. एकेका गावाचं नाव पुकारलं जात होतं, साहेब माघारीचे अर्ज देत होते. आप्पांनी देवळातून आणलेला गठ्ठा त्यांच्या उजव्या हातात होता. आत्याच्या गावाचं नाव आलं. गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. आणि बोलता बोलता, मागं न बघता, डावा हात मागं केला. पंजा उघडा.

मी कागद ठेवला.

पुढं अनेक वर्षं मी लोकांना सांगितलं की साहेबांनी मला फसवलं, फाइल ओढून घेतली, मला कळायच्या आत सगळं झालं. हे खोटं आहे. माझ्याच बोटांनी फाइलच्या क्लिपा उघडल्या, पान काढलं, त्याची दुमडलेली कड सरळ केली, आणि ठेवलं. कड सरळ केली हे मला नीट आठवतंय. पुढं तो कागद टेबलावर पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. अधिकारी भला माणूस होता. त्यानं कागद पाहिला आणि विचारलं, "या बाई आल्या नाहीत?"

"त्यांची भाचीच आहे ना इथं," साहेब म्हणाले. "वकील आहे. तिनंच आणलाय."

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरं का?"

एक शब्द पुरला असता. नाही, एवढा. चौथी शिकलेल्या बाईला तो सहज सुचला असता. पण मी विचार करत होते की सगळ्या वकिलांसमोर साहेबांचा शब्द खाली कसा पाडायचा, उद्यापासून मला ऑफिसात कोण घेईल, दौंडला वडिलांना काय सांगायचं. मान हलवली. अधिकाऱ्यानं शिक्का मारला. एकदा दिलेली माघार मागं घेता येत नाही, हा नियम मला पाठ होता.

बाहेर गुलाल उधळला. आप्पांनी मला हाक मारून पेढा दिला, हातावर, वरून टाकून. मी खाल्ला.

आठ-दहा दिवसांनी गावात सत्कार झाला. साहेबांना शाल, फेटा, आणि भाषण तर होणारच. साहेब म्हणाले, ऑस्ट्रेलियात लोकांना दंडाची भीती दाखवून मत द्यायला लावावं लागतं, पण आपल्या संस्कृतीत एकोपा इतका थोर की मताची गरजच पडत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण साहेबांना स्वतःचं ब्रह्मज्ञानसुद्धा दोन महिने टिकवता आलं नाही. वस्तीतलं कुणी सत्काराला आलं नव्हतं. मी होते. साहेबांच्या मागं, फेट्याचा बॉक्स धरून.

आत्याकडे जायचा माझा रविवार आला, मी गेले नाही. पुढचाही चुकवला. मग एका रविवारी मी दौंडला घरी गेले होते, तेव्हा तीच आमच्या क्वार्टरवर आली. आईशी बोलली, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. ती आत आली आणि खाली, भिंतीला टेकून बसली.

"कागद तुझ्यापाशी व्हता ना?"

"हो."

"त्येंनी घेतला का तू दिलास?"

काहीतरी रचून सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ती माझ्याकडे इतकी शांत बघत होती की जमलं नाही. मी सांगितलं. की ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त हात मागं केला आणि मी कागद ठेवला. रोज ठेवते तसा.

आत्या रागावली नाही. रागावली असती तर मी पाया पडले असते, रडले असते, आणि सगळं कसं सोपं झालं असतं. ती म्हणाली, "म्या दारात उबी राहून मागितला तवा तू मला नियम सांगितलास, बया. त्येंनी तर मागितलाबी न्हाई."

मग उठली, आईनं बांधून दिलेल्या भाकरी पिशवीत टाकल्या आणि चारच्या एसटीला निघाली. स्टँडवर सोडायला वडील गेले.

साहेबांकडे मी आणखी दोन वर्षं काढली, मग दौंडला स्वतःचं टेबल टाकलं. आत्या त्यानंतर सहा-सात वर्षं होती. लोकसभेला, विधानसभेला सकाळी सातच्या ठोक्याला जाऊन मत द्यायची. गावात मधे आणखी एकदा ग्रामपंचायत लागली आणि वॉर्डातली तीच जागा पुन्हा बाईला राखीव आली. वडिलांनी तिला विचारलं, या वेळी अर्ज भरणार का? ती म्हणाली, भरला असता, पण भरून कुणाकडून घेऊ? ती निवडणूकही बिनविरोध झाली.